मामा, भाऊबंद आणि जन्मस्थान

‘श्रीसाईसच्चरिता’तील तात्या कोते पाटील साईबाबांना ‘मामा’ म्हणतात. या संबोधनाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. मराठी भक्तिवाङ्मयात उपास्य ‘माउली’ असते, गुरू ‘बाप’ असतो. मामा सहसा नसतो. येथे मात्र नात्याआधी भाकरी आहे. बायजाबाई डोक्यावर टोपली घेऊन शिर्डीच्या शिवारात, काट्याकुट्यांतून या अनोळखी फकिराला शोधत हिंडत आणि त्याला जेवू घालत. बायजाबाईंचा मुलगा त्याला मामा म्हणू लागतो, म्हणजे आईच्या कृतीलाच नात्याचे नाव देतो.

हे नाव मामाचे असणे अर्थपूर्ण आहे. आपल्या नातेव्यवस्थेत काका वाटणीतला, मामा आजोळचा. ‘भाऊबंदकी’ हा शब्द मराठीने रक्ताच्या नात्यापासूनच घडवला आणि त्याला भांडणाचा अर्थ दिला. आजोळाच्या वाट्याला तसा शब्द आला नाही. दाभोळकरांना याचे भान होते, हे सेहेचाळिसाव्या अध्यायातील बोकडांच्या कथेवरून दिसते. बाबा दोन बोकड बत्तीस रुपयांना विकत घेतात. किंमत अवाच्या सवा म्हणून तात्या आणि शामा रागावतात. बाबा बोकडांना डाळ चारून कळपात परत धाडतात व खुलासा करतात, की पूर्वजन्मी हे सख्खे भाऊ होते आणि पैशाच्या लोभाने त्यांनी एकमेकांचा जीव घेतला. ‘ऋणानुबंध’ ही संकल्पना येथे दुधारी आहे. ती परक्याला आपला करते, तशीच सख्ख्याला वैरीही करते. पूर्वजन्माची ही चौकट आजच्या वाचकाला पटो न पटो, तिच्यामुळे रक्ताचे नाते अनेक देण्याघेण्यांपैकी एक ठरते, हे नाकारता येणार नाही.

तरीही सच्चरित घराविरुद्ध बंड पुकारत नाही. तात्या आईवडिलांना घरी ठेवून चौदा वर्षे मशिदीत झोपले. बाबा, म्हाळसापती आणि तात्या तिघे तीन दिशांना डोकी करून, मध्ये पायांना पाय लावून निजत. पुढे वडील वारले, प्रपंच अंगावर आला आणि तात्या घरी झोपू लागले. ना ताटातूट, ना निष्ठेची कसोटी. आधुनिक कादंबरीकाराने या एका घटनेवर शंभर पाने खर्च केली असती. ओवीकार ती जवळजवळ ओझरती सांगतो. मराठी कथनपरंपरेची ही समजूत मोठी आहे.

जपानी साहसी चित्रकथांशी, म्हणजे मांगांशी, तुलना केली की हा फरक ठळक होतो. एइचिरो ओडा यांच्या १९९७ पासून चाललेल्या ‘वन पीस’मध्ये लुफी, एस आणि साबो साकेचे पेले पिऊन भाऊ होतात. एस हा समुद्री चाच्यांचा राजा रॉजर याचा मुलगा; पण तो बाप मानतो व्हाइटबिअर्डला, आणि मानलेल्या भावावरचा घाव स्वतःवर घेऊन मरतो. इथवर शिर्डी फार दूर नाही. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, बाबांचे निर्वाण झाले. आजारी तात्या मात्र वाचले, आणि बाबांनी तात्यासाठी प्राण दिला असे लोक म्हणू लागले. मांगा मात्र मानलेल्या नात्याचा गौरव करीत असतानाच रक्ताचे गुपित राखून ठेवते. लुफीचा बाप क्रांतिकारकांचा नेता निघतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘नारुतो’तील पोरका मुलगा चौथ्या होकागेचा पुत्र ठरतो. नायकाचे मोठेपण शेवटी वंशावळीत सापडावे, ही कथनाची जुनी खोड आहे. कर्णाची कथा माहीत असलेल्या वाचकाला ती नवी वाटणार नाही; मात्र कर्ण सत्य कळल्यावरही राधेचाच मुलगा राहिला.

सच्चरितात असा उलगडा नाही. आईबाप कोण, गाव कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे चौथा अध्याय सांगतो आणि पुढे जातो. ती मोकळी जागा नंतरच्यांना सोसवली नाही. जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा करताना तिचा उल्लेख जन्मस्थान म्हणून केला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. मंदिर तेवढे उघडे होते. या विरोधात यात्रेकरूंवर चालणाऱ्या गावाची पोटापाण्याची चिंता होती, हे उघड आहे. पण जन्म, जात, धर्म बाबांनीच सांगितला नाही, हा गावाचा युक्तिवाद संहितेला धरून होता. बायजाबाईंच्या गावाने आपला हक्क सांगितला, असेही त्याचे वाचन करता येईल.

पाथरीच्या बाजूने दिली जाणारी साक्ष म्हाळसापतींची, म्हणजे मशिदीत पायाला पाय लावून निजणाऱ्याची आहे. पाथरीच्या ब्राह्मण घरातला आपला जन्म बाबांनी म्हाळसापतींना सांगितला होता, असे नरसिंहस्वामी लिहितात. त्या साक्षीतही आईबाप जेमतेम येतात. लगेच मूल एका फकिराच्या हाती सोपवले जाते, आणि पुढचे संगोपन त्या फकिराचे.