आईच्या फोनमधलं टर्मिनल

मी पायथन शिकले ते सगळं फोनवर. लॅपटॉपचा विषय घरात दर दिवाळीला निघायचा आणि पुढच्या दिवाळीवर जायचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना टर्मक्स नावाचं ॲप टाकलं, काळ्या स्क्रीनवर पायथन इन्स्टॉल करायची एक ओळ टाईप केली, आणि थोड्या वेळाने >>> ही खूण माझी वाट बघत बसली.

फोनवर कोड लिहायला सोशिकपणा लागतो. पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग, आणि फोनच्या कीबोर्डवर टॅबचं बटण नसतं. टर्मक्स बिचारं त्यासाठी एक जादा पट्टी देतं, पण ती पट्टी आणखी जागा खाते. कीबोर्ड वर आला की अर्धी स्क्रीन गेली. उरलेल्या दहाबारा ओळी दिसतात, बाकीचा प्रोग्रॅम डोक्यात धरायचा.

ही खटपट जुनी आहे. नोकिया ६६०० आठवतो? तो गोलमटोल फोन? २००४-०५च्या सुमाराला नोकियानेच तसल्या एस६० फोनांसाठी पायथन आणलं. तोवर त्या फोनच्या आतपर्यंत पोचणारं काही बनवायचं तर बहुधा सिम्बियनचं सी++ शिकावं लागे आणि त्यात मेमरीचा हिशेब हाताने ठेवता ठेवता माणूस टेकीला यायचा. पायथनमध्ये फोटो काढणं, एसएमएस पाठवणं दोनचार ओळींत व्हायचं. तेही अंकांच्या बटणांवर टाईप करून! २००९मध्ये अँड्रॉइडवर तसाच प्रयोग झाला. तिथे स्क्रिप्ट एका बाजूला चालायची आणि कॅमेरा, लोकेशन हवं असलं की शेजारच्या जावा ॲपला निरोप धाडायची.

निरोप धाडावा लागतो, खरी अडचण तिथेच आहे. पायथनसारखी भाषा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वाढली. तिला वाटतं, फाइली हाताशी आहेत, दुसरा प्रोग्रॅम हवा तेव्हा सुरू करता येतो, आपल्याला मध्येच कोणी उठवणार नाही. फोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कडी लावून बसलेलं असतं, आणि बॅटरी वाचवायला सिस्टिम कोणालाही झोपवते. आयफोनवर तर ॲपला दुसरा प्रोग्रॅम सुरूच करता येत नाही. २०१०मध्ये ॲपलने काही महिने ॲप कोणत्या भाषांत लिहायची याचीच यादी घालून दिली होती. अँड्रॉइड १०पासून नव्या नियमांखालच्या ॲपला स्वतःच्या फोल्डरमध्ये डाउनलोड केलेला प्रोग्रॅम चालवता येत नाही. टर्मक्सचं सगळं पोट त्यावर, म्हणून प्ले स्टोअरवरचं त्याचं अपडेट २०२०मध्ये थांबलं आणि लोक एफ-ड्रॉइडकडे वळले. या नियमांमागचं सुरक्षेचं कारण खोटं नाही. चोरटी ॲप्स असंच करतात. पण कुलूप चोराला लागतं तसं मलाही लागतं, आणि ज्यांच्याकडे फोन हाच एकमेव कॉम्प्युटर आहे त्यांना जास्त लागतं.

आईच्या फोनवर मी ते एफ-ड्रॉइडवरूनच टाकलं. फोनने दोनदा धोक्याची सूचना दिली.

कारण होतं आईचा बचत गट. गटातलं अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. तेवढ्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन ‘फक्त बारा टक्के’ सांगून गेला. बायका म्हणाल्या, निम्मंच की! तीस हजार, चोवीस महिने, हप्ता १,५५०. मी सगळ्यांसमोर पंधराएक ओळी लिहिल्या. व्याजदराचा अंदाज धरायचा, हप्ता काढायचा, जास्त आला तर अंदाज खाली, कमी आला तर वर, असं पन्नास वेळा. उत्तर आलं साडेएकवीस टक्के. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर लावलेलं. गटाचं व्याज उरलेल्या मुद्दलावर असतं, आणि ते गटातच परत येतं.

हे सांगणारी तयार ॲप्स आहेत, मान्य. मी उघडलेल्या पहिल्या ॲपने आधी ‘तुम्हाला लोन हवंय का?’ असं विचारलं. शिवाय बायकांना ओळी बघायच्या होत्या. पायथनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, म्हणून मी ‘मुद्दल’, ‘हप्ता’, ‘महिने’ अशीच ठेवली होती. एक काकू म्हणाल्या, “पोरी, तो चोवीस काढून बारा टाक बरं.” मराठी कीबोर्डवरून आईने ‘१२’ टाकलं तरी चाललं, कारण प्रोग्रॅमने विचारून घेतलेला आकडा वाचताना पायथन आपले आकडेही आकडेच मानतं. हप्ता बदलला नव्हता म्हणून उत्तर भलतंच आलं, तर काकूंनीच चूक पकडली: “अगं, हप्ता तोच राहील का?”

ऑक्टोबर २०२४मध्ये पायथनच्या ३.१३ आवृत्तीपासून अँड्रॉइड आणि आयओएस अधिकृत यादीत आले. सगळ्यात खालच्या पायरीवर, पण आले. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्याकडे तर आधीपासून चालू आहे.” पुढच्या बैठकीला त्याच काकू सोनेतारणाचा कागद आणणार आहेत. त्यावर दर ‘शेकडा दीड’ लिहिलाय आणि खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी आहे.