मठ, माप आणि पळीभर तेल

एम.ए.ला पाटणचा शिलालेख येतो तो भाषेच्या इतिहासात. विभक्तीची रूपे दाखवायची आणि पुढच्या लेखाकडे वळायचे. तो कोरला कशासाठी, हे एका वाक्यात उरकते. आमच्या महाविद्यालयाने निवासी चर्चासत्र-केंद्राचा आराखडा करायला घेतला आणि त्या समितीत माझी वर्णी लागली, तेव्हा हा लेख मी निराळ्या नजरेने वाचला. पाटण आमच्या चाळीसगाव तालुक्यातलेच.

इ.स. १२०७ मध्ये सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला. निकुंभ कुळातील सोइदेवाने मठाला दान दिले ते श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणसमयी. (ज्योतिषाच्या मठाला याहून चोख मुहूर्त कोणता!) लेखाचा संस्कृत भाग राजकुळाची आणि भास्कराच्या वंशाची थोरवी गातो. शेवटच्या ओळी मात्र मराठीत आहेत, आणि खरा आराखडा तिथे आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. घाण्यांनी पळीपळीने तेल द्यावे. माल मठाच्या मापाने मोजावा आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा. या ओळींत खांब किती, दालने किती, याविषयी चकार शब्द नाही. थोरवी पंडितांनी वाचायची, हिशेब तेल्याने आणि मापाड्याने पाळायचा. भाषा बदलली ती त्यासाठीच, असे मला वाटते.

आमच्या आराखड्यात दोनशे आसनांचे सभागृह आहे, उंच व्यासपीठ आहे, देणगीदारांच्या कोनशिलेची जागाही ठरली आहे. कोनशिलेला माझी हरकत नाही. जवळच्या पितळखोऱ्यातही पैठणच्या एका गंधी कुळातल्या दात्याचे नाव खांबावर कोरलेले आहे. पण तिथल्या विहारात मधे सामाईक दालन आणि भोवती राहण्याच्या खोल्या, अशी रचना आहे. वर्षावासात भिक्षूंनी एकत्र राहायचे, हे मांडणीतच दिसते. आमच्याकडे निवासाच्या खोल्या चार, त्याही जिन्याखालच्या अंगाला. चर्चासत्राचा अनुभव असलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, निबंधवाचन दुपारी होते आणि चर्चा रात्री जेवणानंतर सुरू होते. त्या वेळी आमचे पाहुणे गाडी गाठायला स्टेशनावर गेलेले असतील.

विजेचे बिल, स्वयंपाकी, ग्रंथपाल यांची वार्षिक तरतूद कुठून, असे मी विचारले. ‘अनुदान इमारतीचे आहे, ते पुढे बघू,’ असे उत्तर आले. तेव्हा सभागृह साठ आसनांचे करावे, वाचलेल्या पैशांत खोल्या वाढवाव्यात आणि दर्शनी बाजूच्या गाळ्यांचे भाडे केंद्राच्याच नावे कायम लावून द्यावे, अशी दुरुस्ती मी लेखी दिली. सोबत पाटणच्या त्या मराठी ओळींचा अर्थही जोडला. हिशेबनिसांनी तो नीट वाचला. त्यांचा एकच प्रश्न होता : घाण्याच्या तेलासारखी आवक आपल्याकडे कोणत्या शीर्षाखाली दाखवायची?