नोटीस सभासदापर्यंत पोचायची तर

पतसंस्थेचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मधले महिने ऑडिटमध्ये जातात, आणि ऑगस्ट उजाडला की नोटिसांची घाई सुरू होते. आमच्या उपविधीत सभेआधी पूर्ण 14 दिवसांची नोटीस सांगितली आहे. तीही प्रत्येक सभासदाला, त्याच्या नावाने, त्याच्या पत्त्यावर. यंदा लातूर शाखेच्या नोटिसा काढायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी रोखीच्या खिडकीमागे बसत होते. वर्डमध्ये पत्र टाइप करता येत होतं, एक्सेलमध्ये बेरजा येत होत्या. मेल मर्ज हे नाव एमएस-सीआयटीच्या वर्गात कानावर पडलं होतं, तेवढंच.

व्यवस्थापक म्हणाले, "नांदेडहून सगळं तयार आलंय ताई. फक्त प्रिंटा मारायच्या." मुख्य कार्यालय नांदेडला, शाखा लातूरला. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर. पेन ड्राइव्हवर दोन फाइली आल्या होत्या: वर्डमधलं नोटिशीचं पत्र आणि ॲक्सेसमधली सभासदांची यादी.

पत्र उघडलं तर पत्राआधी एक चौकट आली. हे पत्र उघडलं की अमुक एक एसक्यूएल आज्ञा चालेल, डेटाबेसमधली माहिती पत्रात येईल, पुढे जायचं का? रोज लोकांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला असा प्रश्न आला की हात थबकतोच. खाली होय आणि नाही. होय म्हटल्यावर दुसरी चौकट आली: माहितीची फाइल सापडत नाही. फाइल तर त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच फोल्डरमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर होती.

नांदेडला फोन लावला. तिथल्या काकांनी ही यादी वर्षानुवर्षं सांभाळली आहे. ते म्हणाले, "मॅडम, पत्रात यादी नसते. यादीचा पत्ता असतो." तो पत्ता नांदेडच्या कॉम्प्युटरवरचा होता. डी ड्राइव्ह, त्यातलं फोल्डर, त्यातली फाइल, असा पूर्ण. लातूरच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर नव्हतंच, म्हणून वर्डला काही मिळेना. उपाय सोपा निघाला. यादी आधी पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर एका कायमच्या जागी ठेवली, कारण पेन ड्राइव्हचं अक्षर आज ई तर उद्या एफ असू शकतं. मग वर्डच्या मेलिंग्ज टॅबवर जाऊन, सिलेक्ट रेसिपियंट्समधून, यादी नव्याने दाखवून दिली. त्या पहिल्या चौकटीचा अर्थही तेव्हा कळला. पत्र एका प्रोग्रॅममध्ये, माणसं दुसऱ्यात, आणि पत्र उघडताना वर्ड दर वेळी दुसऱ्याकडे माणसं मागायला जातं. जाण्याआधी आपल्याला विचारतं, एवढंच.

आता वाटलं, झालं. वर्डने ॲक्सेसमधली टेबलं आणि क्वेऱ्या दाखवल्या. त्यांत 'लातूर सभासद' नावाची क्वेरी होती, ती निवडली. यादी रिकामी आली. एकही नाव नाही. तीच क्वेरी ॲक्सेसमध्ये उघडली की नावं खालपर्यंत धावत जात होती. आडत बाजारातले हमाल, गंजगोलाईतले दुकानदार, निवृत्त शिक्षक, सगळे होते. वर्डमध्ये पुन्हा शून्य. एकच क्वेरी दोन ठिकाणी दोन उत्तरं कशी देते, हे काही केल्या उमगेना. दुपारी घरी डबा खायला गेले तरी डोक्यात तेच. चूक दिसली असती तर तिच्याशी झटता आलं असतं. इथे चूक असल्याचं कोणी सांगतच नव्हतं. प्रोग्रॅम आपापल्या परीने बरोबर होते आणि सभासद मध्येच कुठेतरी गळून पडत होते.

गाठ सुटली ती क्वेरी डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून तिच्यातली अट वाचल्यावर. पत्त्याच्या रकान्यात 'लाइक' लिहून पुढे लातूर हा शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलेलं होतं. म्हणजे पत्त्यात आगेमागे काहीही असो, मध्ये लातूर असलं की तो सभासद घे. ॲक्सेस स्वतः ही अट वाचतं तेव्हा तारांकनाचा अर्थ 'काहीही' असाच घेतं. पण वर्ड जेव्हा ॲक्सेसकडे माहिती मागतं, तेव्हा ते ओएलई डीबी नावाच्या वाटेने जातं, आणि त्या वाटेवर 'काहीही' या अर्थाची खूण टक्क्याचं चिन्ह आहे. तिथे तारांकन म्हणजे नुसतं तारांकन. म्हणजे वर्ड इमानदारीने अशा सभासदांना शोधत होतं, ज्यांच्या पत्त्यात लातूरच्या आगेमागे खरोखरच चांदणी छापलेली आहे. असा सभासद कोण असणार? 'लाइक'च्या जागी 'एलाइक' आणि तारांकनाच्या जागी टक्का लिहिला, की दोन्हीकडे तीच नावं येतात. नावं आली तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला हाक मारली. तो वाकून म्हणाला, "दिसूलालेत की ताई सगळे!" खरंच फार बरं वाटलं.

पण नावं वाचायला घेतली आणि दुसरी चिंता लागली. त्यांत नांदेडचे सभासद होते. पत्ता पाहिला तर 'लातूर फाटा, नांदेड'. क्वेरीला लातूर दिसलं, तिने उचललं. आणि औशाकडचे काही जुने सभासद यादीत नव्हतेच. त्यांच्या पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद लिहिलेला होता. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982ला उस्मानाबादमधून वेगळा झाला. ज्यांचे पत्ते घरातल्या जुन्या कागदांवरून उतरवले गेले, त्यांच्या जिल्ह्याचं नाव तेच राहिलं. आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालं आहे, आणि यादीत दोन्ही नावं सापडतात. किल्लारी परिसराचं त्याहून अवघड. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर तिथली गावंच्या गावं नव्या जागी वसली, आणि जुन्या फॉर्मवरच्या पत्त्याच्या जागी आज ते घरच नाही. पिन कोडवरून गाळावं म्हटलं तर लातूरचा 413512 आणि धाराशिवचा 413501, पहिले चार आकडे एकच. नांदेड मात्र 4316ने सुरू होतं, तेवढी सोय.

माझं स्पष्ट मत असं झालं की पत्त्यात गाव शोधून सभासद ठरवणं हीच पद्धत सोडायला हवी. कोणता सभासद कोणत्या शाखेचा, हे संस्थेला माहीत असतं. शेअर्सच्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. काकांशी बोलून टेबलात 'शाखा' असा वेगळा रकाना घातला आणि रजिस्टर समोर ठेवून तो भरला. क्वेरीत आता 'शाखा बरोबर लातूर' एवढीच अट आहे. तिच्यात तारांकन नाही, टक्काही नाही, आणि दोन्ही प्रोग्रॅम ती एकसारखीच वाचतात.

मग नावांची लिपी. यादीतली जुनी नावं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली, नवी युनिकोडमध्ये. कृतिदेवमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरं असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. 'अनिल' हे नाव आत व्ही, एफ, यू, वाय असं साठवलेलं असतं. मेल मर्जमध्ये डेटाबेसकडून फक्त अक्षरं येतात, फॉन्ट येत नाही. फॉन्ट पत्रातल्या त्या जागेला दिलेला असेल तो लागतो. म्हणून आमच्या नोटिशीवर 'श्री.' नंतर इंग्रजी अक्षरांचा गोळा उमटायचा. पत्रातल्या नावाच्या जागेला कृतिदेव दिला तर जुने सभासद नीट दिसतात आणि युनिकोडमधल्या नव्यांना तो फॉन्ट लागूच पडत नाही. सगळ्यांची एकच लिपी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कृतिदेव ते युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात आणि बहुतेक नावं नीट उतरवतात. पण रफारावर नजर ठेवावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षर आणि मात्रा झाल्यावर शेवटी टाइप होतो, युनिकोडमध्ये त्यातला र आधी येतो. कन्व्हर्टरला ही अदलाबदल साधली नाही की कुलकर्णींचं 'कुलकणीर्' होतं. मी सगळी नावं ओळीने वाचून काढली. कंटाळवाणं काम आहे, आणि ते माणसानेच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. एखाद्या म्हाताऱ्या सभासदाने आयुष्यभर पै-पै आपल्याकडे ठेवली, आणि संस्थेच्या वर्षातून एकदा येणाऱ्या कागदावर त्याचं आडनावच मोडलेलं असेल, तर सभेला येऊन प्रश्न विचारायचा हक्क त्याला आहे हे तो कागद त्याला कसं सांगणार?

यंदाच्या नव्या सभासदांची यादी नांदेडहून वेगळी, एक्सेलमध्ये आली. तिच्यात काही पत्त्यांना हैदराबादेकडच्या पद्धतीचे घरक्रमांक होते, मध्ये आडव्या रेघा असलेले. निजामाच्या काळापासूनची ती पद्धत नांदेडात अजून दिसते. वर्डमध्ये मात्र नेमके हेच घरक्रमांक गायब. साधे आकडे असलेले आले, रेघांचे नाहीत. कारण कळलं तेव्हा नवल वाटलं. एक्सेलच्या रकान्यात काय आहे याचा अंदाज बांधायला ही जोडणी सहसा वरच्या फक्त 8 ओळी बघते. त्या ओळींत आकडे असले की अख्खा रकाना आकड्यांचा धरते, आणि पुढे आकडा नसलेलं काही आलं की त्याला जागा देत नाही. ती यादी ॲक्सेसमध्ये आयात करताना घरक्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' आहे असं सांगितलं, आणि रेघा परत आल्या.

तारखांचं लवकर उरकलं. सभासदत्वाची तारीख पत्रावर अमेरिकी पद्धतीने, महिना आधी अशी येत होती. 5 ऑगस्टचा 8 मे वाटावा अशी. ऑल्ट आणि एफ 9 दाबलं की पत्रातल्या जागांचे आतले कोड दिसतात. तारखेच्या कोडाच्या शेवटी उलटी तिरपी रेघ, ॲट द रेटचं चिन्ह आणि मग अवतरणात डीडी, एमएम, वायवायवायवाय असा साचा लिहायचा. यातला एमएम मोठ्या लिपीतच हवा, कारण लहान एमएम म्हणजे मिनिटं.

एक गोष्ट मात्र मी आता सोडत नाही. एकदम प्रिंटरला आज्ञा द्यायची नाही. आधी 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स'ने सगळ्या नोटिसांची एक नवी फाइल बनवायची. तिच्यातल्या नोटिसांची संख्या आणि ॲक्सेसच्या क्वेरीतली संख्या रजिस्टरशी ताडायची. मग अडचणीचे सभासद मुद्दाम शोधायचे: रफाराचं आडनाव, रेघांचा घरक्रमांक, औशाकडचा जुना पत्ता, लातूर फाट्याजवळचा नांदेडकर. हे चार प्रकार नीट असले की बाकीचे सहसा नीट असतात. आणि हे चालू असताना ॲक्सेसची फाइल दुसऱ्या कोणी एक्स्क्लुझिव्ह पद्धतीने उघडलेली नसावी, नाहीतर वर्डला दार बंद मिळतं. व्यवस्थापकांनी त्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं, "ताईंचं होईपर्यंत यादीला हात लावायचा नाही."

पाकिटांच्या लेबलांत आणखी एक खोच निघाली. लेबलांच्या अख्ख्या पानावर फक्त पहिल्या चौकोनात पत्ता येत होता. पुढच्या प्रत्येक चौकोनात 'नेक्स्ट रेकॉर्ड' ही सूचना आणि तेच रकाने असावे लागतात. 'अपडेट लेबल्स' दाबलं की वर्ड पहिल्या चौकोनातली मांडणी सगळीकडे पोचवतं.

नोटिसा मुदतीत पोस्टात पडल्या. पूर्वी अशा टपालाला अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंगचा शिक्का घ्यायची चाल होती. डाक खात्याने ती सेवा 2011मध्ये बंद केली, त्यामुळे आता पाठवल्याची नोंद आपल्याच जावक रजिस्टरात चोख ठेवावी लागते. मर्ज केलेली अंतिम फाइलही मी तारीख घालून जपून ठेवली आहे.

काही पाकिटं परत आली. कुणाचा पत्ता अपुरा, कुणी मुलाकडे पुण्याला गेलेलं, कुणी वारलेलं. वारलेल्यांच्या वारसांची नोंद करायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, त्या नावांची वेगळी यादी मी काढून दिली. बाकीच्या पाकिटांवर सभासद क्रमांक लिहिला, फोन करून नवा पत्ता विचारला आणि तो ॲक्सेसच्या टेबलात घातला. छापलेल्या पाकिटावर पेनने पत्ता सुधारला तर ते पाकीट पोचतं, पण पुढच्या ऑगस्टमध्ये जुनाच पत्ता पुन्हा छापून येतो. काकांनाही तसंच कळवलं आहे. त्यांनी नांदेडच्या परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा पुढच्या एसटीने लातूरला पाठवायचं कबूल केलं आहे.