रीपॅकचा उतार

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस फेअरफॅक्स हे छोटेसे गाव आहे. नातलगांसोबत आम्ही तेथे गेलो. डोंगराच्या पायथ्याशी एक पोरगा जुनी सायकल घेऊन आला. कार्बनच्या महागड्या सायकलीवाल्यांनी नाक मुरडले. पोरगा बाजूला सरला. आम्हांस वाईट वाटले.

वास्तविक या खेळाचा पाया घातला तो जुनाट सायकलींनीच! १९७६ साली येथल्या तरुणांनी १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरच्या सायकली घेऊन या डोंगरउतारावर शर्यत लावली. खाली येईतो मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई. ते पुन्हा भरावे लागे, म्हणून उताराचे नाव पडले ‘रीपॅक’.

वाचकहो, ज्यांचा वारसाच असा, त्यांनी सायकलीच्या किमतीवरून माणसांत उच्चनीच मानावे काय?