थोसेघरचं पाणी

पावसाळा सुरू झाला, की होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे दोरीवर चार-चार दिवस न वाळणारे कपडे आणि दुसरी म्हणजे "कुठंतरी जाऊ या रे!" ही घोषणा. बहुतेक प्लॅन मेसच्या टेबलावर जन्मतात आणि तिथंच मरतात. आमचा ऑगस्ट २०२५ मधला थोसेघरचा प्लॅन मात्र जगला, कारण जाणारे दोघंच होते. मी आणि माझा रूममेट. अख्खी विंग त्याला जिल्ह्याच्या नावानेच हाक मारते, "लातूर"!

साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून बोरणे घाट चढलं, की धुकं आणि वारा सोबतीला येतात. थोसेघरला उतरून झाडीतल्या वाटेनं चालू लागलो, तर धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाजच आला. मग गॅलरीत पोचलो आणि समोर... काय सांगू! काळ्या कातळावरून अख्खं पाणी खाली दरीत झेपावत होतं. लातूर कितीतरी वेळ बोललाच नाही.

मी ट्रायपॉड लावला. धबधब्याचा मऊ, रेशमी फोटो हवा असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. आयएसओ १०० आणि एफ/८ ला मीटर १/६० सेकंद दाखवत होता. एफ/१६ केलं, दोन स्टॉप कमी. पोलरायझर लावला, अजून जवळजवळ दोन. झालं १/४ सेकंद! पोलरायझरचा दुसरा फायदा म्हणजे ओल्या पानांवरची चमक जाते आणि हिरवा रंग खुलतो. दर फोटोनंतर लेन्सवरचे तुषार पुसायचे, एवढाच काय तो व्याप.

फोटो झकास आला. मी अभिमानानं लातूरला दाखवला. तो म्हणाला, "हे तर दूध दिसायलंय. पाणी कुठंय यात?"

"अरे, असाच काढतात!"

"काढू दे की. पण मला मायला पाठवायचाय. तिला थेंब न् थेंब दिसला पाहिजे."

मग त्यानं सांगितलं. २०१६ च्या उन्हाळ्यात तो पाचवीत होता. नळ कोरडे, दप्तर घरात टाकून घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मोठी माणसं नुसती रेल्वे बघायला गेली होती.

मी आयएसओ वाढवला, छिद्र मोठं केलं आणि १/१००० सेकंदाला फोटो घेतला. प्रत्येक थेंब हवेत थिजलेला! लातूर खूष.

आमच्या शेजारी काही मुलं चांगल्या अँगलसाठी कठड्यावर चढायला लागली, तेव्हा हाच मितभाषी लातूर त्यांच्यावर ओरडला. बोरणे घाटात ऑगस्ट २०२४ मध्ये सेल्फी घेताना एक तरुणी दरीत पडली होती. नशीब, तिला दोर लावून वर काढता आलं. दर वेळी दोर पुरतोच असं नाही.

संध्याकाळी सातारा स्टँडवर रेंज आली. फोटो गेला आणि पाचव्या मिनिटाला फोन. स्पीकर चालू होता. "एवढं पाणी निस्तं वाया चाललंय का रे?"

लातूर हसला. म्हणाला, "वाया नाही गं माय. हे तारळी नदीत जातंय, तारळी उंब्रजजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढं मिरजेवरून जाते. आपल्या रेल्वेत कृष्णेचंच पाणी होतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग माय म्हणाली, "मग एकदा मलाबी दाखव."

मित्रांनो, सिव्हिलच्या वर्गात कॅचमेंट एरियाची व्याख्या मी पाठ केली होती. ती कळली सातारा स्टँडवर, एका माऊलीच्या फोनमुळे!

आता आमच्या खोलीत दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावलेत, दूध आणि पाणी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत धार बारीक होते, म्हणून लातूरची माय पुढच्या श्रावणात येणार आहे. तुम्हालाही जायचं असेल तर ट्रायपॉड आमच्याकडून खुशाल न्या. फक्त तो कठड्याच्या अलीकडेच लावा!