दोन बोटं कमी करा!

माझी उंची पाच फूट दोन इंच. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा खरं बोललेलो नाही. लग्नाच्या बायोडेटात पाच-चार, जिमच्या फॉर्मवर पाच-साडेतीन, आणि मित्रांनी विचारलंच तर, ‘अरे, बूट घालून मोज ना!’ पण मोटरसायकल ही अशी वस्तू आहे की तिच्यापुढे थापा चालत नाहीत. सिग्नलला थांबलात की अख्ख्या गावाला कळतं, तुमचे पाय किती लांब आहेत ते.

तरीही मी सेकंडहँड हिमालयन घेतली. तीच, जुनी ४११ सीसीची. घरी सांगायचं कारण एकदम प्रोफेशनल होतं. यवतमाळ जिल्ह्यात राहून फ्रीलान्स पत्रकारिता करायची तर एसटीच्या वेळापत्रकावर जगता येत नाही. कोळशाची स्टोरी वणीला, वाघाची टिपेश्वरला, पुराची थेट उमरखेडच्या पैनगंगेकाठी. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. खरं कारण? गाडी जाम सॉलिड दिसत होती, बस्स!

आता आकडे बघा. हिमालयनच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर. बीएस-६ मॉडेलचं वजन १९९ किलो. आणि माझ्या पायाची आतली लांबी... ती मी नंतर, सगळं होऊन गेल्यावर मोजली. भिंतीला पाठ टेकवायची, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. ७१ सेंटीमीटर! म्हणजे नऊ सेंटीमीटरचा घोटाळा. बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबतं, बुटाचा सोल थोडी मदत करतो, आणि उरलेला हिशोब पायाच्या अंगठ्यांनी भागवायचा. सपाट रस्त्यावर भागतोही. पण सपाट रस्ता आणि यवतमाळ... जाऊ दे.

दिवाळीच्या आधीचा रविवार. दत्त चौकात पाय ठेवायला जागा नाही. मागे आई, तिच्या मांडीवर दोन पिशव्या. पुढचा ऑटो अचानक थांबला म्हणून मीही थांबलो. सवयीने डावा पाय खाली टाकला, आणि तिथे जमीनच नव्हती! खड्डा म्हणावा इतकाही नाही, डांबराची कड संपून दोन इंच खाली माती, एवढंच. माझ्या अंगठ्याला ते दोन इंच पुरले नाहीत. गाडी पडते तेव्हा वेग शून्य असतो, त्यामुळे सगळं अगदी सावकाश दिसतं. आधी हँडल कलतं, मग तुम्ही दात-ओठ खाऊन १९९ किलो धरायला बघता, मग तुमच्या लक्षात येतं की आता हे आपल्या हातात नाही.

गर्दी जमली. गाडी उचलायला तिघे आले. त्यातला एक मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “भाऊ, पाय नाही पुरत त कायले घेतली एवढी मोठी गाडी?”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “नाही हो, माझीच साडी अडकली फुटरेस्टमध्ये.”

साडी कुठेही अडकली नव्हती. डावं मनगट पोटाशी धरून, रस्त्यावर बसून ती हे सांगत होती. एक्स-रेमध्ये बारीक फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे प्लास्टर. दिवाळीचा फराळ त्या वर्षी मावशीकडून आला.

त्यानंतर ती माझ्या मागे बसली नाही. भांडण नाही, टोमणा नाही. कळंबला चिंतामणीला जायचं असो की मामाकडे दारव्ह्याला, “मला बसनंच बरं वाटतं रे,” एवढंच. फाटकापर्यंत पोचवायला जायचो तर तेही नको.

बाबांनी मात्र एका रात्री ओट्यावर विषय काढला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, घाटंजी तालुक्यात. त्यांच्याकडे राजदूत होती. उंचीने ते माझ्याहूनही अर्धा इंच कमी. लहानपणी मी टाकीवर बसायचो तेव्हा मला एक गोष्ट फार मजेची वाटायची. बाबा गाडी कुठेही थांबवायचे नाहीत. मैलाचा दगड, पुलाचा कठडा, एखाद्या दुकानाची पायरी... असं काहीतरी डाव्या हाताला आलं की तिथेच थांबायचे. मला वाटायचं, ही त्यांची स्टाइल!

“स्टाइल कायची,” बाबा म्हणाले, “पाय पुरत नव्हते. मी त थांबाची जागा आधीच पाहून ठेवत होतो.”

वीस वर्षं रोजचा जाऊन-येऊन रस्ता आणि त्यातला प्रत्येक दगड पाठ! बरं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही. की होतं?

गाडी विकायचा विचार केला. बुटक्यांसाठी बाजारात पर्याय नाहीत असं अजिबात नाही. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर, मीटिओर ३५०ची ७६५ वर. पण गंमत म्हणजे आपली साधी स्प्लेंडरही ७८५ मिलिमीटर आहे, म्हणजे माझ्या राक्षसापेक्षा फक्त दीड सेंटीमीटर कमी. पण स्प्लेंडरवर माझी कधी फजिती झाली नव्हती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. (उत्तर पुढे मिळालं, आणि तेही कुठल्या एक्स्पर्टकडून नाही.)

पुण्यातल्या एका बायकर मित्राने फोनवर फंडा दिला, “लोअरिंग लिंक टाक ना!” मागच्या मोनोशॉकला जोडणारी जी पट्टी असते, ती बदलली की गाडीचं बूड खाली येतं. मागून जेवढी गाडी उतरली त्या प्रमाणात पुढचे फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवायचे. झालं काम. ऐकायला सोपं. आर्णी रोडवरच्या मेकॅनिकला विचारलं तर तो खाली बसला आणि काडीने मातीत चित्र काढायला लागला. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडणार, गाडी सरळ उभी राहणार आणि जरा वारा आला की उजवीकडे आडवी. म्हणजे स्टँड कापा, वेल्डिंग करा. चाकाला वर यायला जागा कमी. आणि इंजिनाखाली जी २२० मिलिमीटर मोकळी जागा आहे, तीच तर या गाडीचा जीव!

“पावसात पांदणीत जाता ना तुम्ही?” त्याने विचारलं. जातो. काळ्या मातीतून, बैलगाडीच्या चाकोरीतून. “मंग कायले खाली करता?”

स्प्रिंगचा प्रीलोड ढिला करून एखादा सेंटीमीटर मिळाला असता. पण मागे माणूस बसवायचा तर प्रीलोड उलट वाढवावा लागतो. आणि मला मागे माणूस बसवायचा होता. तेच तर सगळं होतं!

शिवाय कायद्याचीही भीती होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करता येणार नाही. तेव्हा चॅसी, सस्पेन्शन, स्टँड यांना हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. उरली फक्त सीट.

कुशनवाल्या चाचांचं दुकान म्हणजे टपरीच. बाहेर रेक्झिनचे रोल उभे, आत शिलाई मशीन, सगळीकडे पिवळा फोमचा भुगा. माझ्या आधी एक मुलगी उभी होती, खाकी युनिफॉर्ममधली. वनरक्षक. भरतीत मुलींना किमान उंची १५० सेंटीमीटर लागते, ती जेमतेम तेवढीच. बीट जंगलात, रस्ता कच्चा, स्कूटी तिथे चालत नाही, म्हणून भावाची मोटरसायकल घेतलेली. तिची सीट तयार होती. ती बसली, दोन्ही पाय टेकवून बघितले, “हो चाचा, आता जमते,” म्हणाली, पैसे दिले आणि निघून गेली. ना लाज, ना एक्स्प्लनेशन. आणि मी? मी दुकानाबाहेर दहा मिनिटं फोनवर बोलायचं नाटक करत उभा होतो, गर्दी कमी व्हावी म्हणून!

“दोन बोटं कमी करा,” मी आत जाऊन हळू आवाजात म्हणालो.

चाचांनी फोमकडे बघितलंच नाही. मला गाडीवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, “उंचीचं कमी हाय भाऊ. रुंदी आडवी येऊन रायली.”

मला झेपलं नाही. तर म्हणाले, बाजेवर मधोमध पाय फाकवून बस, पाय लटकतील. तेवढ्याच उंच भिंतीवर घोड्यासारखा बस, पाय टेकतील. मांड्या जेवढ्या फाकतात तेवढी पायाची लांबी खर्च होते! स्प्लेंडरचं कोडं तिथे सुटलं. अरुंद सीट, सडपातळ टाकी, हलकी गाडी. पाय सरळ खाली जातो. शोरूममधल्या स्पेसिफिकेशनच्या कागदावर सीटची उंची ठळक छापतात. पुढच्या बाजूची रुंदी कोणी छापत नाही.

मग काम सुरू झालं. हिमालयनची सीट दोन भागांत असते, चालवणाऱ्याची वेगळी, मागच्याची वेगळी. मागची त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली, “हिले हात नाही लावाचा.” स्क्रू-ड्रायव्हरने पिना उपटल्या, रेक्झिन सोललं, फोमवर खडूने दोन रेषा मारल्या. एक वरून, दुसरी दोन्ही मांड्यांच्या जागी तिरकी. हॅक्सॉ ब्लेडने पावासारखा तुकडा काढला. मग ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घासाई. दर दोन मिनिटांनी डोळे मिटून तळहात फिरवायचे. पुढे उतार राहिला तर ब्रेक मारला की टाकीवर घसरशील. मधेच खड्डा झाला तर माकडहाड बोंबलेल. नुसतं कापून भागत नाही, हेही तिथेच कळलं. फोम पातळ झाला की खालचं प्लास्टिक टोचतं. म्हणून वर बोटभर कडक फोमचा थर सोल्यूशनने चिकटवला. म्हणजे कापले चार सेंटीमीटर, परत घातला एक. ८०० चे ७७० झाले, आणि पुढची रुंदी दोन्हीकडून दोन-दोन बोटं गेली.

एकूण अकराशे रुपये. “शंभर किलोमीटरनंतर बूड बोलंन, तेव्हा माह्यावर राग नको धरू,” हा सल्ला फुकट.

गाडीवर बसलो. खोटं सांगत नाही, पाय पूर्ण टेकले नाहीत. पण अंगठ्यांच्या जागी दोन्ही चवडे होते, आणि थोडं डावीकडे सरकलं की डावा पाय टाचेसकट जमिनीवर! ही सरकायची युक्तीही शिकावी लागते. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. जगात कोणाला दोन्ही पाय टेकवून गाडी जिंकता आलेली नाही. स्पेनचा डॅनी पेद्रोसा बघा, उंची जेमतेम माझ्याएवढी, आणि २००६ ते २०१८ मध्ये त्याने होंडावर मोटोजीपीच्या ३१ शर्यती मारल्या. अर्थात, त्याच्या मागे आई बसत नव्हती.

चाचांचं म्हणणं खरं निघालं. पांढरकवड्याला जाईपर्यंत ठीक, परतताना बूड बोललंच. गुडघेही जरा जास्त दुमडतात आता. फुकट काहीच मिळत नाही, बॉस.

आईला मी काही बोललो नाही. पंधरा दिवस एकटाच फिरलो, मुद्दाम दत्त चौकातून, मुद्दाम संध्याकाळी. मग एका चतुर्थीला ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी गाडी फाटकासमोर उभी करून वर बसलेला होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं. डावा, मग उजवा. मग चाक, मग पुन्हा डावा.

“साडी नीट धर हं,” मी म्हणालो.

“चूप बस,” म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून चढली. कळंबपर्यंत तो हात खांद्यावरून निघाला नाही. एरवी ती मागचा कॅरिअर धरते.

संध्याकाळी बाबा अंगणात आले. गुडघ्यांमुळे त्यांनी गाडी सोडून बरीच वर्षं झाली. हिमालयनवर पाय टाकायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. बसले, दोन्ही चवडे खाली ठेवले, हँडल धरून गाडी जरा इकडे, जरा तिकडे कलवली.

“किती घेतले?”

“अकराशे.”

“राजदूतचं होत होतं का हे?”

“होत असेल.”

बराच वेळ ते तसेच बसून होते. आईने चहाला हाक मारली तेव्हा उतरले.

चाचांनी कापलेला फोमचा तुकडा मी कशाला कोण जाणे, डिक्कीत टाकून घरी आणला होता. आईने त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलंय. ओट्यावर तूर निवडायला बसते तेव्हा तो खाली घेते.