गिअरबॉक्स उतरवण्याआधी

वडगावच्या विणकर गल्ल्यांतून गाडी बाहेर काढायची म्हणजे क्लचची परीक्षाच. दोन्ही बाजूंना मोटरसायकली लावलेल्या, समोरून सुताचे गठ्ठे घेतलेली रिक्षा, आणि आषाढात मंगाईची यात्रा असली तर विचारायलाच नको. शहापूरला पोचेपर्यंत डावा पाय पेडलवरून उचलायला मिळत नाही. काकांची क्वालिस या गल्लीत वर्षानुवर्षं अशीच चाललेली. गाडी २००३ सालची. पंधरा वर्षांनी नोंदणी संपली तेव्हा त्यांनी ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि त्यानंतर पुन्हा एकदा. बेंगळुरूजवळच्या बिडदीत २००० ते २००५ या काळात या गाड्या तयार झाल्या. तिच्यावरचं किर्लोस्कर हे नाव बेळगावला घरचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते याच गावात. काका हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

गेल्या पावसाळ्यात रिव्हर्स टाकताना खर्रर्र असा आवाज यायला लागला. सकाळी गाडी थंड असताना कमी, गर्दीतून फिरून आली की जास्त. पेडल खालपर्यंत दाबलं तरी पहिला गिअर अडखळायचा. एका गॅरेजात दाखवलं. तिथं पाच मिनिटांत निकाल लागला : गिअरबॉक्स उतरवा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन घाला. काका पैशांची जुळवाजुळव करायला लागले होते.

तेवढ्यात गल्लीतले जुने मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी दोनच प्रश्न विचारले.

“पेडल दोन-तीनदा पंप मारल्यावर रिव्हर्स पडतोय काय?”

“पडतो की.”

“आणि जांबोटीकडच्या चढाला इंजिन ओरडतंय, गाडी मागं राहतीय, असं?”

“तसं कधी झालं नाही.”

“मग प्लेटला कशाला दोष देताय, काका? आधी तेल बघूया.”

हे दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. प्लेट झिजली की क्लच घसरतो. इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही, आणि ते चोर्ला घाटासारख्या चढावर लगेच कळतं. इथं उलटंच होतं. क्लच घसरत नव्हता, तो पूर्ण सुटत नव्हता. पेडल पंप केल्यावर सुटत होता, म्हणजे पायाचा दाब खालपर्यंत पोचवणाऱ्या द्रवातच खोट होती. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे क्लच थोडा जरी अडकून राहिला तरी सगळ्यांत आधी रिव्हर्सच ओरडतो.

पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या कुशीला स्लेव्ह सिलिंडर आणि दोन्ही जोडणारी बारीक नळी, एवढीच ही यंत्रणा. आत असतं ते ब्रेकचंच तेल, डॉट ३ किंवा डॉट ४. मारुती ८०० सारख्या गाडीत क्लचला केबल असते, तिथं हा प्रश्नच येत नाही. तेलाच्या गाडीत मात्र त्या लहानशा डबीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काकांच्या डबीतलं तेल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. नवं तेल फिकट पिवळं असतं.

हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि बेळगावच्या पावसाळ्यात दमट हवेला काय तोटा! कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पण क्लचच्या बाबतीत उकळण्यापेक्षा गंज जास्त छळतो. पाण्यानं सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक खड्डे पडतात, त्यावर घासून रबर कापलं जातं, तेल बाहेर झिरपतं आणि हवा आत शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल मऊ लागतं ते त्यामुळे.

मिस्त्रींनी स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट मागं सारलं. आत ओलं होतं. सिलिंडरची भिंत अजून गुळगुळीत होती, म्हणून रबर किटवर भागलं. खड्डे असते तर अख्खा सिलिंडर बदलावा लागला असता. मग एअर काढायला मला सीटवर बसवलं. ते खालून “दाब”, “धर” म्हणायचे, निप्पल सैल करायचे, घट्ट करायचे आणि मगच “सोड” म्हणायचे. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळं. मधेमधे वरची डबी भरत राहायची. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत जाते. बॉनेटच्या कडेवर सांडलेले थेंब त्यांनी लगेच पाण्यानं धुतले, कारण हे तेल रंग खातं. आणि या डबीत इंजिन ऑईलचा थेंबही पडता कामा नये. त्यानं रबरं फुगतात आणि सगळी बदलावी लागतात.

गाडी खड्ड्यावर होतीच, म्हणून गिअर ऑईलही काढलं. इथं मिस्त्रींची शिस्त बघण्यासारखी होती. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल केला, मगच खालचा सोडला. वरचा जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसायची वेळ येते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ गाळ होता. तेवढा असतोच. लोखंडाचे तुकडे निघाले असते तर काळजी होती. तेलात सोनेरी चमक मात्र दिसली, ती सिंक्रोच्या पितळी कड्यांची. गिअर बदलताना दोन चाकांचे वेग जुळवणारी ही सोय कॅडिलॅकनं १९२८ मध्ये पहिल्यांदा आणली. ही कडी घासूनच काम करतात, म्हणून त्यांना तेलही जपून निवडावं लागतं. मागच्या हौसिंगसाठीचं जीएल-५ तेल त्यातल्या जास्तीच्या गंधक-फॉस्फरसमुळे बऱ्याच गिअरबॉक्सांतल्या पितळेला सोसत नाही. अनेक गॅरेजांत दोन्हीकडे एकाच डब्यातलं ओततात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा आणि जाडी छापली आहे, तेच घालायचं. काकांनी ते पुस्तक जपून ठेवलं होतं. गाडी सपाटीवर ठेवून वरच्या छिद्रातून तेल बाहेर यायला लागेपर्यंत भरलं, बोल्टला नवा वॉशर घातला.

रिव्हर्स आता आवाज न करता पडतो. गिअरबॉक्स उतरवलाच नाही.

तुमची गाडी जुनी असेल आणि क्लच तेलावर चालत असेल, तर तेवढी डबी आज उघडून बघा. तेल काळं असेल तर बदलून घ्या आणि पुढं दर दोन वर्षांनी बदलत चला. गिअर ऑईल घालणाऱ्याला डब्यावरचा जीएल क्रमांक दाखवायला सांगा. कुणी गिअरबॉक्स उतरवायला निघालं, तर आधी पेडल पंप करून रिव्हर्स टाकून पाहा.